पिठलं टाकते

मला स्वयंपाक आवडत नाही. हे वाक्य चारचौघांत म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग धीर देतो. 'अगं, हळूहळू आवडायला लागेल,' असं पन्नाशी उलटलेल्या बाईलाही सांगणारे लोक आहेत. कुणी म्हणतं, 'काहीतरीच! तुझ्या हातचं पिठलं तर किती छान असतं.' पण तक्रार चवीची नाहीच. मला खायला आवडतं, बरंवाईट कळतं, आणि वेळ आली तर चार माणसांचं जेवण मी तासाभरात उभं करते. फक्त ते करताना मला आनंद होत नाही. ओट्यापाशी उभी असताना माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं.

नेमकं काय आवडत नाही, हेही मला नीट माहीत आहे. कांदा चिरण्याचा मला त्रास वाटत नाही, पोळ्या लाटण्याचाही नाही. नकोसा वाटतो तो 'आज काय करायचं?' हा प्रश्न. डोळे उघडायच्या आधी तो येऊन बसलेला असतो. फ्रिजमध्ये अर्धा कोबी आहे, कालची आमटी वाटीभर उरली आहे, एकाला वांगं चालत नाही, दुसरीचा उपास आहे, दुधाचा आज काही भरवसा नाही आणि डबा साडेआठला निघायला हवा. हे सगळं मनात जुळवून एक भाजी ठरवायची. ठरवली, केली, वाढली की वाटतं सुटले. तर संध्याकाळी तोच प्रश्न 'रात्रीचं काय?' म्हणत दारात हजर. शिवण करावं तर झबलं उरतं, विणकाम करावं तर स्वेटर उरतो. स्वयंपाक जमल्याची खूण म्हणजे रिकामं पातेलं, आणि तेही घासायचं असतं.

तरीही माझ्यासारख्यांची सोय मराठी स्वयंपाकघरात फार पूर्वीपासून आहे. पुरणपोळीचं, उकडीच्या मोदकाचं कौतुक जगजाहीर आहे आणि ते योग्यही आहे. पण ते सणावाराचे पदार्थ. मधले सगळे दिवस घरं चालली ती पिठलं, खिचडी, मेतकूट-भात, उकड, दडपे पोहे, फोडणीची पोळी यांच्यावर. अवेळी पाहुणा आला की 'बसा हो, पिठलं टाकते' एवढं म्हणून बाई आत वळत असे आणि पाहुण्याचा चहा संपेपर्यंत भाताचा वास बाहेर येत असे. हे पदार्थ कुणी ओट्यापाशी रमून, हौसेनं शोधून काढले असतील असं मला वाटत नाही. लवकर बाहेर पडायची घाई असलेल्या, दमलेल्या, कंटाळलेल्या माणसांच्या हातून ते घडले असावेत. म्हणून त्यात एकही पायरी जास्तीची नाही.

माझी आई शाळेत शिकवायची. सांगलीहून रोज बसनं जाऊन-येऊन नोकरी. शेजारच्या काकू कौतुकानं तिला अन्नपूर्णा म्हणाल्या, तेव्हा ती म्हणाली, 'अन्नपूर्णा काशीला असते हो. इथं मी आहे आणि साडेआठची बस आहे.' आमच्या भिंतीवर कालनिर्णय असायचं. त्याच्या पाठीमागे छापलेल्या पाककृती आईनं कधी वाचलेल्या मला आठवत नाहीत. पुढच्या बाजूला मात्र ती वारांच्या खाली पेन्सिलीनं लिहून ठेवायची : सोमवारी खिचडी-कढी, मंगळवारी उसळ, बुधवारी पिठलं. कडधान्य आदल्या रात्री भिजत पडायचं ते त्या तक्त्याप्रमाणे. बुधवारी पिठलंच का, असं आम्ही विचारायचो नाही, कारण बुधवार होता. महिनाभराचा प्रश्न तिनं एका बैठकीत सोडवून टाकलेला असे. बाकीचे दिवस फक्त हात चालवायचे. आमच्याकडे तोचतोचपणा होता, हे खरंच. पण जेवायला उशीर झाला किंवा आई जेवताना चिडली, असं मात्र सहसा झालं नाही.

तिचं पिठलं दहा मिनिटांत व्हायचं. अर्धी वाटी बेसन दोन वाट्या गार पाण्यात कालवून ठेवायचं. पाणी गारच हवं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ एकदम टाकलं, तर वरचा थर क्षणात शिजून चिकट होतो, आतलं पीठ कोरडंच राहतं आणि गुठळ्या होतात. सुगरणी ते उकळत्या पाण्यात एका हातानं पेरतात आणि दुसऱ्या हातानं ढवळतात, पण तो सराव ज्याला करायचा नाही त्यानं गार पाण्याचा रस्ता धरावा. मग कढईत पळीभर तेल, मोहरी तडतडली की हिंग, ठेचलेला लसूण, दोन हिरव्या मिरच्या, कढीलिंब, वेळ असेल तर कांदा आणि शेवटी हळद. लसणाच्या कडा तांबूस झाल्या की कालवलेलं पीठ ओतायचं आणि मीठ घालायचं. पहिली दोन-तीन मिनिटं हात थांबवायचा नाही. ते दाटतं, फुटकुळ्या येतात, मनगटावर एखादा चटकाही बसतो. मग आच मंद करून झाकण. कच्च्या पिठाचा वास गेला आणि वर तेलाची चकाकी आली की झालं. तळाला लागलेली खरपुडी ज्याला मिळते तो त्या दिवसापुरता नशीबवान. कोकणात हेच कुळथाच्या पिठाचं करतात, त्यात आमसूल पडतं, आणि सोबत गरम भात असला की जेवणात काही कमी आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

यात दहा मिनिटं लागली ती फक्त आपली. हरभरे दळायला गेले ते आधीच. थोडं बारकाईनं पाहिलं तर झटपट म्हणवणारे आपले सगळे पदार्थ असेच निघतात. त्यांचं अर्धंअधिक काम आधी कुणीतरी करून ठेवलेलं असतं. पोहेच घ्या. भात भिजवायचा, भट्टीत तापवायचा, गरम असतानाच कांडून नाहीतर यंत्रात दाबून चपटा करायचा. आपल्या हाती येतात ते एकदा शिजून गेलेले तांदूळच. म्हणून तर त्यांना नुसता ओलावा पुरतो. दडपे पोह्यांना तर वरच्या फोडणीपलीकडे आचही लागत नाही. पातळ पोहे, बारीक चिरलेला कांदा, ओलं खोबरं, मिरची, मीठ, किंचित साखर, लिंबू आणि नारळाचं पाणी, सगळं हलक्या हातानं कालवायचं, वर ताटली ठेवायची, ताटलीवर वरवंटा नाहीतर पाण्याचा तांब्या, आणि आपण आपल्या कामाला लागायचं. कांद्याचं आणि खोबऱ्याचं पाणी पोह्यांत उतरत राहतं. पंधरा-वीस मिनिटांनी वरून शेंगदाण्यांची फोडणी. हा पदार्थ आपल्या गैरहजेरीत तयार होतो, यापेक्षा मोठी शिफारस माझ्याजवळ नाही.

मेतकुटाचंही तेच. हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, थोडे गहू, धने, जिरे, मेथ्या, मोहरी वेगवेगळं भाजून, हळद-हिंग-सुंठ घालून दळलं की ते बरणीत महिनोन्महिने टिकतं. मग ज्या दिवशी अंगात त्राण नसतं त्या दिवशी मऊ भात, त्यावर तूप, मीठ आणि मेतकूट. तापातून उठलेल्याला देतात तेच, पण ताप येईपर्यंत थांबायचं काही कारण नाही. थालिपिठाची भाजणी, सातूचं पीठ, डांगराचं पीठ, दाण्याचा कूट, जवसाची किंवा कारळाची चटणी, सांडगे, कुरडया, सांडगी मिरच्या ही सगळी त्याच जातीची तजवीज. उन्हाळ्यात आठ-दहा दिवस जीव काढायचा आणि मग वर्षभर डब्याचं झाकण उघडून चमचा घालायचा. सातू तर दूध-गुळात कालवला की जेवण. डांगर दह्यात कालवून वर कांदा आणि फोडणी घातली की भाकरीला दुसरं काही लागत नाही. बाजारात पाकिटं आली आणि 'इन्स्टंट' हा शब्द घरोघर झाला त्याच्या कितीतरी आधी आपल्या फडताळात हे सगळं होतं.

कुकरचा मला असाच आदर आहे. वाफ कोंडून हाडंसुद्धा मऊ शिजवणारं भांडं डेनिस पापँ या फ्रेंच माणसानं १६७९ मध्ये लंडनला दाखवलं, आपल्या ओट्यावर मात्र ते यायला विसावं शतक निम्मं उलटावं लागलं. हॉकिन्स आणि प्रेस्टीजचे कुकर १९५९ पासूनचे. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या पुढं तापत नाही, कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे ते एकशेवीसच्या आसपास जातं, आणि तूरडाळ तासाऐवजी चार शिट्ट्यांत शिजते. पण वेळ वाचला यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे की राखण संपली. भात उतू जातोय का, डाळ करपतेय का, म्हणून उभं राहायला नको. खाली डाळीचा डबा, वर भाताचा, सगळ्यात वर दोन बटाटे. एका ज्योतीवर वरण, भात आणि भाजीची निम्मी तयारी. शिट्ट्या मोजण्यापुरता कान स्वयंपाकघरात ठेवावा लागतो, बाकीची मी मोकळी.

उरलेल्या अन्नाला दुसरा जन्म देण्यातही आपण मागे नाही. शिळ्या पोळ्या हातानं कुस्करून कांदा-शेंगदाण्याच्या फोडणीत परतल्या की त्याला काही घरांत माणिकपैंजण म्हणतात. शिळ्या पोळीला एवढं थाटाचं नाव देणाऱ्या गृहिणीबद्दल मला फार कुतूहल आहे. पोरांनी नाक मुरडू नये म्हणून तिनं हे केलं असेल, की तिची तीच हसली असेल? आमटी उरली आणि पोळ्या लाटायचा कंटाळा आला, तर कणकेच्या लाटीचे सुरीनं शंकरपाळे कापून उकळत्या आमटीत सोडायचे. वरणफळं म्हणा, चकोल्या म्हणा. पोळी, भाजी, आमटी हे तीन वेगळे उद्योग एका पातेल्यात आटपतात, आणि वर तुपाची धार पडली की खाणारा त्याला मेजवानी समजतो.

पुस्तकांनी मात्र आम्हाला नेहमीच परकं मानलं. पाककृतीचं पुस्तक हौशी माणूस हौशी माणसासाठी लिहितो. अमेरिकेत पेग ब्रॅकन नावाच्या, जाहिरातींची कॉपी लिहिणाऱ्या बाईनं १९६० मध्ये 'द आय हेट टू कुक बुक' लिहिलं. ज्यांना स्वयंपाक नको वाटतो पण टाळता येत नाही, त्यांच्यासाठीच ते होतं, आणि त्याच्या तीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. म्हणजे गुपचूप कंटाळणाऱ्या बायका तिकडेही घरोघर होत्या. तिची भिस्त डबाबंद सूपवर, इथल्या बाईची मेतकुटाच्या बरणीवर. तिथं आधीचं काम कारखान्यानं केलं होतं, इथं घरातल्याच दुसऱ्या कुणी बाईनं.

आपल्याकडे १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं. तेही हौशीचंच पुस्तक, पण त्यांनी एक मोठं काम केलं. सगळी मापं वाटी-चमच्यात दिली. तोवर स्वयंपाक शिकायचा तो 'अंदाजानं'. मीठ किती, तर अंदाजानं. पाणी किती, तर लागेल तसं. हा अंदाज वर्षानुवर्षं ओट्यापाशी मन लावून उभं राहिल्यावर येतो, आणि ज्याचं मन तिथं लागत नाही त्याला तो येत नाही. वाटी-चमच्याला मनाशी देणंघेणं नसतं. एक वाटी रव्याला अडीच वाट्या पाणी घातलं की उपमा होतो, मग करणारा आनंदात असो की वैतागात. लग्न होऊन परक्या गावी गेलेल्या मुली, वसतिगृहातून थेट भाड्याच्या खोलीत गेलेले मुलगे, परदेशात पहिल्यांदा पातेलं हातात घेतलेले लोक या एका सोयीवर निभावून गेले.

इथवर सगळं सोपं वाटतं. तक्ता आखा, बरण्या भरा, कुकर लावा. पण झटपट स्वयंपाकाच्या मागे आधीचं काम असतं म्हटल्यावर ते कुणाच्या हातचं, हे विचारावंच लागतं. माझ्या फडताळातलं मेतकूट अनेक वर्षं आईकडून यायचं. मला कंटाळा होता म्हणून ती भाजत बसायची, आणि तिलाही त्याची आवड नव्हतीच. आता मी ते बचत गटाच्या बायकांकडून विकत घेते. पोळ्या करायला मावशी येतात. त्या माझ्याकडच्या पोळ्या लाटून आणखी तीन घरी जातात आणि रात्री आपल्या घरी पुन्हा भाकऱ्या थापतात. त्यांना स्वयंपाक आवडतो का, हे मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, 'ताई, आवडायचं काय त्यात? पैसे मिळतात तिथला बरा वाटतो.' मला हे उत्तर अतिशय प्रामाणिक वाटलं.

पैसे मिळतात तिथलं बरं वाटतं, याला मोठा इतिहास आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, देशावरून आलेले एकटे कामगार खानावळीत जेवायचे, आणि त्या खानावळी म्हणजे चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पहाटेपासून राबणाऱ्या बायका. त्यांच्या रांधण्याला कुणी धंदा म्हणत नव्हतं, म्हणून त्यांना कर्जही मिळत नव्हतं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा या बायकांसाठी बँकेचं दार उघडलं. त्याआधी १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं लिज्जत झालं. गंमत अशी की कुकरही त्याच वर्षीचा. एका बाईचं उभं राहणं कमी करणारं यंत्र आणि दुसरीच्या लाटण्याला मोल देणारी संस्था, दोन्ही बरोबरीनं आली. आज गल्लोगल्ली असलेली पोळीभाजी केंद्रं हे त्याच रस्त्यावरचं पुढचं ठिकाण. तिथून चार पोळ्या आणि पाव किलो बटाट्याची भाजी घेऊन जाणाऱ्या बाईकडे आजही कुणी ना कुणी तिरक्या नजरेनं पाहतंच. घेऊन जाणाऱ्या पुरुषाकडे मात्र लोक कणवेनं बघतात : बिचारा, घरी बाई नाही वाटतं.

२०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. दिवसभरात घरातलं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बायका तेव्हा सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटं. त्यातही असं काही काम करणारे पुरुष शंभरात सव्वीस, बायका एक्याऐंशी. यात धुणं-भांडी, झाडलोट सगळं आलं, पण रोजचा न टळणारा हिस्सा स्वयंपाकाचाच. हे आकडे वाचून मला धक्का बसला नाही, कारण ते आमच्याही घरचे होते. नवरा मदतीला नाही म्हणत नाही. 'तू सांग, मी करतो,' असं तो मनापासून म्हणतो. अडचण इथंच आहे. सांगायचं म्हणजे ठरवायचं, आणि ठरवणं हाच तर मला नको असलेला भाग. हात त्याचे आणि 'आज काय करायचं' माझं, ही वाटणी मला परवडत नव्हती. म्हणून आता आठवड्यातले तीन दिवस पूर्ण त्याचे आहेत. काय करायचं तेही त्यानंच बघायचं, कोथिंबीर संपली तेही त्यालाच कळायला हवं. त्याच्या दिवशी बहुतेक वेळा खिचडी असते, आणि मी ती काही न बोलता जेवते. काही न बोलता जेवणं हा या कराराचा सर्वांत अवघड भाग आहे, हे मान्य करायला हवं.

माझा भाचा नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हा जायच्या आधी चार दिवस माझ्याकडे राहिला. त्याच्या आईला वाटत होतं, त्यानं पोळ्या शिकाव्यात. मी म्हटलं, पोळ्या विकत मिळतात. त्याला मी कुकर लावायला, पिठलं, मुगाची खिचडी, कांदेपोहे आणि ताकाची कढी करायला शिकवलं. कढी फुटू नये म्हणून ताकाला चमचाभर बेसन लावायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं, बेसनातला स्टार्च ताक फाटू देत नाही, हे इंजिनिअर मुलाला लगेच पटलं. शेवटच्या दिवशी पातेलं घासता घासता तो म्हणाला, 'मावशी, यात मजा कधी यायला लागते?' मी म्हटलं, 'आली तर येईल. तिची वाट बघत उपाशी बसू नकोस.'

ज्यांना स्वयंपाकात मजा येते त्यांच्याबद्दल मला असूया नाही. त्यांनी रविवारी बिर्याणीला दम द्यावा, मी आनंदानं ताट घेऊन बसेन. पण रोजचं जेवण आवडीवर सोपवणं ही आपली जुनी खोड आहे. आपण दात घासतो ते काही छंद म्हणून नाही. बाईला आवड असते, मायेची चव असते, हाताला गोडी असते, असं म्हणत म्हणत आपण ते काम एकीच्या गळ्यात बांधून टाकलं. तिला आवडत नसेल ही शक्यताच धरली नाही, आणि पुरुषाला आवडत नाही हे तर सांगावंही लागलं नाही. रोजच्या स्वयंपाकाला आवड लागत नाही. लागते ती थोडी तजवीज, वाटी-चमच्याचं माप आणि नीट केलेली वाटणी. आवडीची अट काढून टाकली की घरातला प्रत्येक जण पात्र ठरतो. मग 'मला आवडत नाही' हे कारण कुणालाच पुरत नाही. मला तर नाहीच, आणि दिवाणखान्यातून 'आज काय केलंयस?' असं विचारणाऱ्यालाही नाही.